माणशी चारशे पन्नास

३ मार्च
तळमजल्यावरच्या औषधवाल्याने बिल्डिंगच्या नोटीस बोर्डवर कागद लावला आहे. संकटकाळासाठी पाण्याचा साठा: माणशी रोज चार लिटर, किमान तीन दिवसांचा. खाली हिशेब. एकसष्ट माणसं, सातशे बत्तीस लिटर, वीस लिटरचे सदतीस कॅन. त्याखाली सही. सहीखाली शिक्का, तोही दुकानाचा!

चार लिटर! चार लिटर म्हणजे काय ते मला विचारा. तेवीस वर्षं रंगाच्या फॅक्टरीत डब्यांची भरणी तपासतोय. एक लिटरच्या डब्यात एक हजार चार मिली गेलं की लाईन थांबवणारा माणूस मी. वरचे चार मिली म्हणजे सरळ चोरी. आणि हा खोकल्याच्या बाटल्या विकणारा मला लिटर शिकवणार! कुठल्याशा पत्रकातून आकडा उतरवला आणि झाला शहाणा. त्यात स्वयंपाक आणि दात घासणंही धरलंय म्हणे. संकटात दात कोण घासतो?

अध्यक्षांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, तीस तारखेला मीटिंग आहे, तुमच्याकडे वेगळा आकडा असेल तर आणा, पाणीसाठा समितीचा प्रमुखही त्याच दिवशी ठरवू. एवढं बोलून माझ्या हातात भाजीची पिशवी देऊन कुलूप उघडायला लागले. पिशवी धरली. प्रमुखपद आपलंच.

संकल्प: स्वतःच्या घरात पंचवीस दिवस प्रत्यक्ष मोजणी. अंदाज नाही, पत्रक नाही.

४ मार्च
चार बाटल्या आणल्या, प्रत्येकी एक लिटर. दर पन्नास मिलीला खूण. खुणा फॅक्टरीतल्या काट्यावर तपासून घेतल्या. चिठ्ठ्या लावल्या: मी, ही, मुलगी, सासरेबुवा. पाण्याची वही वेगळी. रकाने: वेळ, मिली, सही.

ही म्हणाली, लग्नाच्या रजिस्टरवर केली तेवढी एक सही पुरे झाली. मुलीने विचारलं, आवंढा गिळला तर लिहायचं का? कॉलेजात हेच शिकवतात.

सासरेबुवांनी बाटली उजेडात धरली, खुणांवरून नख फिरवलं आणि म्हणाले, रेघा सरळ आल्यात. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. आमच्याकडे राहायला येऊन सहा वर्षं झाली, त्यातलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

५ मार्च
पहिला दिवस. ही १.९ लिटर. मुलगी २.३. सासरेबुवा २.४. मी ०.६. सरासरी १.८.

पहिल्याच दिवशी औषधवाल्याचा आकडा निम्म्यावर. माझा स्वतःचा आकडा आदर्श आहे. फॅक्टरीतला कूलर धरलेला नाही, तो कंपनीचा. चहाही धरलेला नाही. चहा ही सवय आहे, पाणी नव्हे.

७ मार्च
सह्यांच्या बाबतीत घरात शिस्त नाही. मुलीने सहीच्या जागी मिशीवाला चेहरा काढला. मिशी माझ्यासारखी आहे. हिने तीन घोटांची एकत्र नोंद केली. लाल शाईने शेरा मारला. हिने माझ्या शेऱ्यावर शेरा मारला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

११ मार्च
आकडे पडताहेत! ही ०.४. मुलगी ०.३. आठवड्याच्या आत! माणसाला मोजतंय कुणीतरी, एवढं कळलं की माणूस आपोआप सुधारतो. फॅक्टरीत तीन नंबरच्या लाईनवर हेच तत्त्व वापरतो. तिथला ऑपरेटर म्हणतो, कमी भरलं तर गिऱ्हाईक ओरडतं, जास्त भरलं तर तुम्ही ओरडता. त्याला मेमो दिलाय.

ही शाळेच्या ऑफिसातून आली की एकदम टवटवीत दिसते. कमी पाणी मानवलं.

१२ मार्च
सासरेबुवा आज २.२. घराचं एकूण ३.४. मी ०.५. म्हणजे घरातलं पासष्ट टक्के पाणी एकटा म्हातारा पितो, आणि तोही दिवसभर खिडकीशी बसून! गुडघा गेलाय, तीन मजले उतरता येत नाहीत, घराबाहेर पाऊल नाही. कशाला लागतं एवढं? मुद्दाम करतोय. आकडा बिघडवायचा म्हणून करतोय. हिचं लग्न माझ्याशी ठरलं तेव्हाही कपाळावर आठी घालून बसला होता.

१३ मार्च
सासरेबुवांना समोर बसवून भरणीचं शास्त्र सांगितलं. खुणेच्या वर जाईल ते नुकसान. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जावईबापू, आम्ही माप घेतलं की वर दोन बोटं कापड शिवणीच्या आत सोडायचो. माणूस कधी सुटतो, कधी वाळतो. कपडा दहा वर्षं जातो मग. मी म्हटलं, म्हणूनच देशात कापड कमी पडतं. ते हसले.

मग स्पष्टच सांगितलं. तीस तारखेला मीटिंग आहे, खालचा औषधवाला मला पाण्यात पाहतो, माझी अब्रू आता तुमच्या बाटलीवर आहे. त्यांनी विचारलं, किती यायला हवंय? मी म्हटलं, हवंय वगैरे काही नाही, हे शास्त्र आहे. पण एका लिटरच्या आत आलं तर बरं. त्यांनी मान डोलावली.

बघू. शब्दाचा किती पक्का आहे ते कळेल.

१५ मार्च
रविवार. दोन सुधारणा.

एक: फ्रिजवर तक्ता. लिटरच्या आत काळा आकडा, वर गेला तर लाल. सध्या लाल एकच.

दोन: फिल्टरच्या नळाला कागदी सील. भरून झालेल्या ड्रमला लावतो तसं, आडवी सही मारून. सकाळी साडेसहाला मी उघडणार, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा. मधे लागल्यास मागणी लिहून ठेवावी.

हिने पाच मिनिटांत सील फाडलं. पुन्हा लावलं. पुन्हा फाडलं. म्हणाली, उद्या माझ्या तोंडाला लावाल. सुचवण्यासारखं बरंच होतं, पण जेवण व्हायचं होतं.

१६ मार्च
संध्याकाळी घरी आलो तर सील जागेवर. हिने सकाळी फाडलेलं होतं, पण फाटलेल्या कडा जुळवून कुणीतरी खळीने चिकटवलं होतं. इतकं सरळ की सहीसुद्धा जुळली होती. सासरेबुवांचं काम. विचारलं तर म्हणाले, रिकामाच बसलो होतो.

त्यांचा आजचा आकडा १.६. वठणीवर येतोय.

१९ मार्च
सासरेबुवा ०.९. तक्त्यावर पहिल्यांदा काळा आकडा. स्वतः जाऊन दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, जमलं म्हणायचं. मी पाठ थोपटणार होतो, पण उगाच डोक्यावर चढायचा.

२० मार्च
मुलगी औषधवाल्याच्या घरातून तोंड पुसत बाहेर पडताना दिसली. हातात ग्लास. मला बघून ग्लास पाठीमागे. म्हणाली, काकूंनी सरबत दिलं. रोज कॉलेजहून आल्यावर देतात म्हणे.

कारस्थान उघड आहे. आपला आकडा खोटा पडतोय म्हणून औषधवाला माझ्या पोरीला फितवून माझी पद्धत काढून घ्यायला बघतोय. मुलीला ताकीद दिली की रकान्यांबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. तिने लगेच कबूल केलं. पोरगी तशी गुणी आहे.

२२ मार्च
सासरेबुवा ०.६! ही ०.४, मुलगी ०.३, मी ०.५. सरासरी चारशे पन्नास मिली. एकसष्ट माणसं, तीन दिवस: ब्याऐंशी लिटर. पाच कॅन. कुठे सदतीस, कुठे पाच! जिन्याखालच्या खोलीत पाच कॅन ठेवूनही अध्यक्षांची मोडकी सायकल राहते. हा मुद्दा मीटिंगमध्ये सर्वात आधी मांडायचा.

घरात शांतता आहे. सासरेबुवा पूर्वी खिडकीतून रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या पँटची उंची काढायचे. हा अर्धा इंच आखूड, तो झाडू मारत चाललाय. ते बंद. दुपारभर झोपून असतात. कमी पाण्याचा हा फायदा कुठल्याही पत्रकात नाही.

२५ मार्च
उकाडा अचानक वाढला. ही म्हणाली, अण्णांचे ओठ फुटलेत, आज दोनदा विचारलं वार काय आहे. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी वाराचं काय करायचंय त्यांना? तिने एकतीस तारखेची डॉक्टरची वेळ घेतली. मी म्हटलं, तीसनंतर काय हवं ते करा. ती माझ्याकडे बघत राहिली. घरात आपल्या कामाची कदर नाही, ती नाहीच.

सासरेबुवा ०.५.

२७ मार्च
औषधवाला जिन्यात आडवा आला. म्हणाला, साहेब, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, त्यांना आठवण करून पाणी द्यावं लागतं, तुमच्या सासऱ्यांकडे लक्ष असू द्या. किती गोड आवाज! म्हणजे माझ्या घरात सर्वात जास्त आकडा कुणाचा उतरला, हे त्याला कळलंय. मी म्हटलं, तुमच्या दुकानात मुदत संपलेला माल किती आहे, तिकडे लक्ष असू द्या. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

संकल्प: रविवारी पूर्ण सराव. बारा तास. माणशी ४५० मिली, थेंब जास्त नाही. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, करून बघितलंत का, तर सांगता येईल.

२९ मार्च, रविवार
सकाळी ६.३०. सराव सुरू. बाटल्या भरल्या, नळाला सील. खऱ्या संकटात वीज असेलच असं नाही, म्हणून पंखेही बंद.

७.१५. ही आणि मुलगी मुलीच्या मावशीकडे गेल्या. मावशीचं घर बदलायचंय. सराव सोडून पळण्याचं निमित्त. ही जाताना तीनदा म्हणाली, अण्णांना पाणी द्या. मी म्हटलं, वाट्याचं आहे ना. ती जायलाच तयार नव्हती. चपला काढून परत आत आली. शेवटी सासरेबुवांनीच सांगितलं, जा गं, आम्ही दोघं आहोत की. त्या गेल्या.

८.४०. माझे २०० शिल्लक.

१०.१०. माझे संपले. वाटा किती वेगाने संपू शकतो हेही तपासायला हवं होतंच.

११.३०. अर्धं कलिंगड खाल्लं. फळ आहे. नोंद नको. सासरेबुवांना विचारलं, फोड देऊ का? म्हणाले, नको, त्यात पाणी असतं, मग लिहावं लागेल. अतिरेकी माणूस.

१.००. उरलेलं अर्धं.

३.२०. बनियन पिळून वाळत घातली. सासरेबुवा पलंगावर. बाटली उशाशी, हात बाटलीवर. घाम अजिबात नाही. प्रकृती काटक.

५.००. घसा कोरडा पडून बोलवेना. सासरेबुवांनी हाक मारली. आवाज खोल गेला होता. म्हणाले, जावईबापू, माझं राहिलंय थोडं, तुम्ही घ्या. दोनशे मिली होतं. वाया घालवण्यात अर्थ नव्हता. घेतलं.

६.३०. सराव यशस्वी. मी ४५०. सासरेबुवा २५०. माझ्याकडे आलेले दोनशे नोंदीत 'शिल्लक' या सदरात. वाट्यातूनही उरतं, हे आज सिद्ध झालं. उद्याच्या मीटिंगला आता कुणाच्या बापाला भीत नाही.

३० मार्च
हॉस्पिटलच्या बाकावर लिहितोय.

ही आणि मुलगी रात्री उशिरा आल्या, तेव्हा सासरेबुवा झोपलेले होते. सकाळी ते न्हाणीघराच्या दारात पडले. हिची किंकाळी. मी आणि औषधवाल्याने खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. तो पुढे, मी मागे. डॉक्टरबाई म्हणाल्या, शरीरातलं पाणी फार कमी झालंय, किडनीवर ताण आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही. त्यांनी विचारलं, रोज पाणी किती पीत होते? ही रडत होती, तिला सांगता येईना. मी म्हटलं, अंदाजे कशाला, माझ्याकडे नोंद आहे. रिक्षा करून घरी गेलो आणि वही आणली.

बाईंनी उभ्यानेच पानं उलटली. विचारलं, कोणी लिहिलंय? मी म्हटलं, मी. वेळेसकट. त्या म्हणाल्या, म्हणजे पंधरा दिवस तुम्हाला रोज माहीत होतं. मी म्हटलं, मिलीलिटरमध्ये. त्यांनी नर्सला सांगून शेवटच्या पानांची झेरॉक्स काढली आणि फाईलला लावली. पहिल्यांदाच कुणीतरी या कामाची दखल घेतली, असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, आणि हिला आत ठेवून घेतलं.

मीटिंगला जाता आलं नाही.

३१ मार्च
मीटिंगमध्ये औषधवाला प्रमुख झाला. सदतीस कॅन मंजूर. अध्यक्षांनी सायकल विकायला काढली. मी नसल्याचा फायदा घेतला. स्पष्टीकरणाचं पत्र लिहायला घेतलं: हवामान अनपेक्षित होतं, वृद्ध व्यक्तीला मूळ आजार असू शकतो, एका प्रकरणावरून पद्धत चुकीची ठरत नाही.

हॉस्पिटलात अर्ध्या लिटरची सहावी बाटली चालू आहे. थेंब मोजले. सलाईन शिरेतून जातं, ते पिण्यात धरत नाहीत.

ही दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली. मी म्हटलं, सरासरी तर चौघांची होती, एकट्या अण्णांवरून माझ्यावर खापर कशाला? तेव्हा बोलली. म्हणाली, कसली सरासरी? मी शाळेत पीत होते, शिपायाने भरलेल्या माठातलं, पोटभर. पोरगी खाली काकूंकडे पीत होती. तुम्ही फॅक्टरीत पीत होतात. तुमच्या वहीत एकच आकडा खरा होता. एकाच माणसाला बाहेर जाता येत नव्हतं.

मग म्हणाली, मी रोज संध्याकाळी माझ्या बाटलीतलं त्यांना द्यायला जायचे. लिहू नका, नुसतं प्या, म्हणायचे. ते म्हणायचे, एकदा माप द्यायचं कबूल केलं की खोटं द्यायचं नसतं, आणि तीसपर्यंतचाच तर प्रश्न आहे. मीही मूर्ख, तीसपर्यंत थांबले.

पत्र अर्धवट आहे. नंतर बघू.

१ एप्रिल
फॅक्टरीत गेलो. लाईन तीनवर एक हजार सहा भरलं जात होतं. ऑपरेटर माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, थांबवू का? चालू दे म्हटलं.

घरी कुणी नाही. पत्र लिहायला बसलो. 'मूळ आजार' पर्यंत वाचलं आणि पुढे हात चालेना.

२ एप्रिल
सासरेबुवा शुद्धीवर आले. लघवी सुरू झाली, किडनी वाचेल म्हणाल्या डॉक्टरबाई. आजपासून तोंडाने पाणी द्यायचं.

मी गेलो तेव्हा ही त्यांचे पाय चेपत होती. माझ्याकडे बघितलं नाही. घरून निघताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. आधी प्रकृतीची चौकशी, मग उकाड्याचा विषय, मग हळूच माझी बाजू. दारातच ते सगळं विसरलो. पलंगावरचा माणूस निम्मा झाला होता. कधी झाला, ते माझ्या वहीत कुठेच नाही.

नर्सने ग्लास भरून त्यांच्या हातात दिला. ग्लास कलला, पाणी चादरीवर सांडलं. मी ग्लासला खालून हात लावला. तेव्हा त्यांनी मला ओळखलं. ओठांपाशी आलेला ग्लास त्यांनी तसाच खाली घेतला. ओठांवर खपल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, जावईबापू, घेऊ का?

ही उठून खिडकीशी गेली. ते ग्लास धरून थांबले होते. मी मान डोलावली, तेव्हा प्यायले.